रिमोटच्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीसाठी पुढचा डिफरन्शियल निवडताना

गेल्या रविवारी रात्री माझ्या भाच्याचा फोन आला. दहावीची परीक्षा संपल्यावर हट्टाने मागून घेतलेली १/१० मापाची फोर-व्हील ड्राइव्ह गाडी त्याने महिनाभर खपून स्वतःच्या हाताने जोडली आहे आणि आता पुढच्या डिफरन्शियलसाठी, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागासाठी, पैसे बाजूला काढून ठेवले आहेत. "मामा, सगळे म्हणतात पुढे स्पूल टाक, गाडी वळणातून खेचून बाहेर काढते. मागवू का?" असे त्याने विचारले. स्पूल म्हणजे दोन्ही चाके एकत्र जखडणारा तुकडा. मी त्याला म्हटले, "मागव, पण आधी एक सांग. तुझी गाडी वळणात शिरताना बिघडते, की वळणातून बाहेर पडताना?" तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "ते मी बघितलंच नाही रे."

फोनवर दहा मिनिटांत उरकावा असा हा विषय नाही, म्हणून त्याच्यासाठी, आणि त्याच्यासारख्याच पेचात असलेल्या इतरांसाठी, हे सविस्तर लिहीत आहे. गेल्या तीन वर्षांत मी एकाच गाडीला पुढे, किटमधल्या डिफरन्शियलशिवाय, आणखी चार प्रकार लावून पाहिले, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले. गाडी सरळ रस्त्यावर किती पळते याचा पुढच्या डिफरन्शियलशी फारसा संबंध नाही. ट्रिगर, म्हणजे रिमोटवरचा वेग देणारा खटका, सोडल्यावर, ब्रेक दाबल्यावर आणि पुन्हा ट्रिगर ओढल्यावर पुढची दोन चाके एकमेकांशी कशी वागतात, एवढेच तो ठरवतो. हे वागणे ज्या जमिनीवर बघायचे ती जमीन आपली स्वतःची असली पाहिजे.

माझी जमीन कशी आहे ते आधी सांगतो. मी मुलुंडला राहतो. आमच्या सोसायटीच्या पोडियमवर रविवारी सकाळी साडेसहा ते साडेआठ, म्हणजे लहान मुले खेळायला उतरण्यापूर्वी, गाडी चालवायला कमिटीने परवानगी दिली आहे. खाली पेव्हर ब्लॉक आहेत, ब्लॉकच्या फटींत रेती भरलेली आहे, आणि शेजारच्या प्लॉटवर टॉवरचे काम चालू असल्यामुळे कितीही झाडून घेतले तरी अर्ध्या तासात सिमेंटच्या धुळीचा पातळ थर पुन्हा बसतो. पावसाळ्याचे चार महिने आम्ही खालच्या मजल्यावरच्या पार्किंगमध्ये जातो. तिथे घोटून गुळगुळीत केलेले काँक्रीट आहे, टायरला पकड आणखी कमी मिळते आणि वळणे खांबांना वळसा घालूनच घ्यावी लागतात. मुंबईत हा छंद जोपासणाऱ्या बहुतेकांची परिस्थिती थोड्याफार फरकाने अशीच असते. कोणाला गच्ची मिळते, कोणाला सुट्टीच्या दिवशी रिकामे पडलेले डांबरी पार्किंग. व्हिडिओमधून आपल्यापर्यंत पोहोचणारा सल्ला मात्र बहुतेक वेळा घट्ट पकडीच्या कार्पेट ट्रॅकवरचा किंवा खास तयार केलेल्या डांबरी ट्रॅकवरचा असतो. तो चुकीचा नसतो, पण तो दुसऱ्या जमिनीसाठी दिलेला असतो.

आता डिफरन्शियलची गरज मुळात का पडते, ते आकड्यांत पाहू. टामिया कंपनीच्या टीटी-०२ सारख्या शाफ्टवर (दांड्यावर) चालणाऱ्या गाडीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर, २५७ मिलिमीटर असतो, आणि या मापाच्या टूरिंग गाड्यांच्या डाव्या-उजव्या टायरच्या मध्यांमधले अंतर साधारण १६ सेंटीमीटर भरते. समजा, अशी गाडी एका खांबाभोवती १ मीटर त्रिज्येचा अर्धा फेरा घेते. आतले चाक ९२ सेंटीमीटर त्रिज्येवरून जाते आणि बाहेरचे १०८ सेंटीमीटर त्रिज्येवरून. तेवढ्या अर्ध्या फेऱ्यात आतले चाक सुमारे २८९ सेंटीमीटर चालते, बाहेरचे सुमारे ३३९, म्हणजे दोघांत अर्ध्या मीटरचा फरक पडतो. टायरचा घेर २० सेंटीमीटरच्या आसपास असल्यामुळे बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अडीच फेऱ्या जास्त घ्याव्या लागतात. एका खांबाला एक वळसा घातला, तेवढ्यात अडीच फेऱ्या! दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की केली, तर या अडीच फेऱ्या टायरला जमिनीवर घासून भरून काढाव्या लागतात.

याहून कमी बोलला जाणारा दुसरा फरक पुढच्या आणि मागच्या चाकांमधला आहे. वळणात पुढची चाके मागच्यांच्या बाहेरून जातात. मागच्या आसाची त्रिज्या १ मीटर असेल, तर २५७ मिलिमीटर व्हीलबेसला पुढच्या आसाची त्रिज्या १०३ सेंटीमीटरच्या थोडी वर जाते. तीन टक्क्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण पुढचा आणि मागचा आस एका सरळ शाफ्टने जोडलेला असला की तोही टायरनेच सोसायचा असतो. वन-वे डिफरन्शियलचे सगळे गुण आणि सगळे दोष या तीन टक्क्यांपाशी येऊन थांबतात. त्याकडे पुढे येतोच.

किटसोबत येतो तो साधा गिअर डिफरन्शियल. एका डबीत दोन मोठे बेव्हल गिअर समोरासमोर आणि त्यांच्यामध्ये तीन किंवा चार छोटे बेव्हल गिअर, वर थोडेसे ग्रीस. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. हा त्याचा न्यायीपणा आहे आणि तीच त्याची अडचणही आहे, कारण वळणातून बाहेर पडताना ट्रिगर ओढला की वजन मागे आणि बाहेरच्या बाजूला जाते, पुढचे आतले चाक जवळजवळ अधांतरी होते आणि त्याला जेवढा जोर पेलवेल तेवढाच बाहेरच्या चाकालाही मिळतो. पकड असलेले चाक जोर मागत राहते आणि पकड नसलेले चाक नुसते भिरभिरते. धुळीच्या पेव्हर ब्लॉकवर हे पहिल्या दिवसापासून दिसते. माझ्या गाडीच्या पुढच्या आतल्या टायरचा रबर दोन महिन्यांत बाहेरच्या टायरच्या आधी संपला, कारण आम्ही पोडियमवर नेहमी एकाच दिशेने फेऱ्या मारत होतो.

हा दोष दिसला, की माणूस दुसऱ्या टोकाला, म्हणजे स्पूलला जातो. मीही गेलो. स्पूलमध्ये डिफरन्शियल नसतोच. दोन्ही चाके एका घट्ट तुकड्यावर बसतात. काही गाड्यांत आतले छोटे गिअर काढून त्यांच्या जागी लॉक करणारा ठोकळा बसवतात, परिणाम तोच. हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे, त्याची देखभाल जवळजवळ नाही, ब्रेक दाबल्यावर दोन्ही पुढची चाके एकसारखी थांबतात आणि ट्रिगर ओढल्यावर गाडी खरोखर खेचून बाहेर निघते. पकडीच्या ट्रॅकवर टूरिंग गाड्या पुढे स्पूल लावून शर्यती मारतात, त्यामागे हे रास्त कारण आहे. तिथे टायर जमिनीला इतका धरून असतो की पुढच्या चाकांची ओढाताण होऊनही गाडी वळते, आणि चालवणारा वळणात शिरण्यापूर्वीच ब्रेक मारून नाक आत घालतो.

आमच्या पोडियमवर पहिल्याच रविवारी स्पूल लावलेली गाडी वळणात शिरायलाच तयार होईना. स्टिअरिंग पूर्ण वळवले तरी नाक सरळ जात राही, मग वेग उतरल्यावर पुढचे टायर अचानक पकड घेत आणि गाडी झटक्याने आत वळे. शिवाय पूर्ण स्टिअरिंगवर पुढून कडकड असा आवाज येऊ लागला. मला वाटले गिअरचा दात गेला. गिअर शाबूत होते. आवाज ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्याचा होता.

यावर थोडे थांबतो, कारण स्पूल घेणाऱ्याला ही गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. एकच सांधा असलेला युनिव्हर्सल शाफ्ट वाकलेल्या अवस्थेत समान वेगाने फिरत नाही. सांधा ३० अंशांत वाकला, की आतला शाफ्ट एकसारखा फिरत असूनही चाकाचा वेग एका फेरीत दोनदा सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो आणि दोनदा सुमारे १३ टक्क्यांनी कमी होतो. साधा डिफरन्शियल असेल तर ही चढ-उतार तो आतल्या आत बरीचशी पचवतो. स्पूलमध्ये पचवायला काहीच नसते, म्हणून चाके थरथरत, उड्या मारत फिरतात आणि सगळा मार शाफ्टचे टोक धरणाऱ्या वाट्यांवर बसतो. दोन सांध्यांचा शाफ्ट घेतला तर एका सांध्याची चूक दुसरा सांधा भरून काढतो आणि थरथर जवळजवळ जाते. तेव्हा स्पूलची किंमत पाहताना दोन सांध्यांच्या शाफ्टची जोडीही त्यात धरावी. मग तो स्वस्त राहत नाही. माझ्या गाडीची डाव्या बाजूची प्लॅस्टिकची वाटी पाचव्या रविवारी उभी चिरली आणि शाफ्ट निसटून पार्किंगच्या जाळीतून गटारात गेला.

त्यानंतर वन-वे. एका परिचितांकडे वापरलेला पडून होता, तो त्यांनी महिनाभर वापरायला दिला. नवा घ्यायचा तर चारही प्रकारांत हाच महाग पडतो. याच्या दोन्ही बाजूंना एकाच दिशेने धरणारे बेअरिंग असतात. मोटर चाकांना पुढे ढकलू शकते, पण चाके स्वतःहून जास्त वेगाने फिरू लागली तर त्यांना कोणी अडवत नाही. त्यामुळे वर सांगितलेले ते तीन टक्के पुढच्या चाकांना फुकट मिळतात, डाव्या-उजव्यातला फरकही मिळतो, आणि ट्रिगर सोडून वळणात शिरताना गाडी अशी अलगद आत वळते की ती एकदा अनुभवल्यावर विसरता येत नाही. वळणात हलका ट्रिगर असताना बाहेरचे वेगवान चाक मोकळे राहते आणि आतले चाक गाडीला आत ओढते.

पण चाके मोकळी आहेत याचा दुसरा अर्थ असा, की मोटरचा ब्रेक पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतच नाही. सगळा ब्रेक मागच्या दोन चाकांवर येतो. खऱ्या मोटारीत हँडब्रेक ओढल्यावर जे होते, तेच इथे प्रत्येक ब्रेकला होते. मोठ्या, वाहत्या वळणांच्या ट्रॅकवर, जिथे ब्रेक क्वचित लागतो, तिथे वन-वेसारखे सुख नाही. आमच्या तळमजल्यावर प्रत्येक सरळ पट्टी खांबापाशी संपते. चार रविवारांत मी ब्रेक जवळजवळ शून्यावर आणून, लांबूनच ट्रिगर सोडून चालवायला शिकलो. ते शिक्षण चांगले झाले, पण फेरीची वेळ वाढली आणि मी तो वन-वे पुसून, तेल लावून परत केला. आणखी एक सावधगिरी त्या महिन्यात कळली. शाफ्टच्या गाडीत डिफरन्शियल उलट्या बाजूने बसवला तर क्राउन गिअर (डिफरन्शियलवरचा मोठा गिअर) पिनियनच्या (त्याला फिरवणाऱ्या छोट्या गिअरच्या) चुकीच्या बाजूला येतो आणि पुढची चाके मागच्यांच्या विरुद्ध दिशेने फिरू लागतात. म्हणून कोणताही डिफरन्शियल बसवल्यावर गाडी हातात उचलून, ट्रिगरला नुसता स्पर्श करून चारही चाके एकाच दिशेने फिरतात ना, हे पाहिल्याशिवाय ती जमिनीवर ठेवू नये.

बॉल डिफरन्शियलबद्दल मी थोडक्यात लिहितो. दोन गोल चकत्यांच्या मध्ये छोट्या गोळ्या असतात आणि एका स्क्रूने चकत्या किती आवळायच्या ते ठरते. तो हलका आहे, अतिशय मऊ फिरतो आणि गाडी न उघडता आवळता येतो. पण त्याला स्वच्छता लागते, आणि सिमेंटची धूळ ही त्याच्या जन्माची वैरी आहे. दोन रविवारांनंतर बोटाने फिरवला तर आत वाळूचे कण करकरल्यासारखे लागत. जास्त सैल ठेवला तर गोळ्या घसरून चकत्यांवर चरे पडतात, जास्त आवळला तर छोटा थ्रस्ट बेअरिंग जातो. ज्याच्याकडे बंद, स्वच्छ ट्रॅक आहे आणि दर आठवड्याला तो खोलून धुण्याची हौस आहे, त्याने जरूर घ्यावा.

आता ज्याच्यावर मी स्थिरावलो तो प्रकार, म्हणजे तेल भरलेला बंद गिअर डिफरन्शियल. रचना किटमधल्यासारखीच, पण डबीला गॅस्केट आणि दोन्ही टोकांना ओ-रिंग (गळती थांबवणारे रबरी कडे) असल्यामुळे आत सिलिकॉन तेल भरता येते. गंमत या तेलाच्या वागण्यात आहे. बॉल डिफरन्शियलचा विरोध जवळजवळ कायम सारखा असतो; चाके हळू वेगळी फिरोत की जोरात, आवळलेला स्क्रू तेवढाच धरतो. तेलाचा विरोध मात्र फरकाच्या वेगाबरोबर वाढतो. सावकाश वळणात दोन्ही चाकांत फरक हळूहळू पडतो, तेव्हा तेल वाट देते आणि गाडी वळते. बाहेर पडताना आतले चाक एकदम भिरभिरू पाहते, तेव्हा तेच तेल गिअरला घट्ट धरते आणि जोर बाहेरच्या चाकाकडे जातो. एकच वस्तू वळणात शिरताना मोकळी आणि बाहेर पडताना आवळलेली वागते, आणि कमी पकडीच्या जमिनीवर नेमके हेच हवे असते.

तेलाचा घट्टपणा सेंटिस्टोकमध्ये मोजतात. पाण्याचा आकडा १ च्या आसपास असतो. डिफरन्शियलची तेले १,००० पासून सुरू होऊन ५,००,००० च्याही वर जातात. १०,००० चे तेल मधासारखे ओघळते; १,००,००० चे तेल बाटली उलटी केली तरी आधी विचार करते आणि मग पक्क्या पाकासारखी जाड तार धरून उतरते; ५,००,००० चे तर जवळजवळ रंगाऱ्याच्या लांबीसारखे (पुट्टीसारखे) असते आणि त्याने पुढचा डिफरन्शियल स्पूलच्या अगदी जवळ जातो. स्कूटरचे ९० नंबरचे गिअर ऑइल टाकले तर चालेल का, असे मला दोघांनी विचारले आहे. चालणार नाही, कारण आपल्या हवेत त्याचा आकडा काही शेकड्यांतच राहतो आणि आपल्याला हजारांत हवा असतो. शिवाय गरम झाल्यावर खनिज तेल जितके पातळ होते, तितके सिलिकॉन तेल होत नाही. मे महिन्यात उन्हात तापलेल्या पोडियमवर हा गुण फार उपयोगी पडतो.

ओ-रिंगबद्दल एक गोष्ट मला नागदेवी स्ट्रीटवरच्या दुकानदाराने शिकवली. किटमधल्या रिंगा गळू लागल्या, तेव्हा मी मशीद स्टेशनला उतरून तिकडे गेलो आणि मापाची रिंग दाखवून म्हटले, "दादा, सिलिकॉनच्या द्या, चांगल्या टिकतील." त्यांनी विचारले, "साहेब, आत तेल कुठलं आहे?" मी सिलिकॉन तेल सांगताच त्यांनी पुढे केलेला डबा मागे घेतला. "मग सिलिकॉनची रिंग नको. सिलिकॉन तेलात सिलिकॉन रबर फुगतं. नायट्राइल घ्या." त्यांनी दिलेल्या काळ्या नायट्राइल रिंगा दीड वर्ष झाले तरी गळलेल्या नाहीत. तिथेच १० × १५ × ४ मिलिमीटरचे बेअरिंगही मिळाले, जे या वर्गाच्या अनेक गाड्यांत डिफरन्शियलच्या दोन्ही टोकांना बसते. जुने बेअरिंग पावसाळ्यात गंजून कुरकुरत असेल तर डिफरन्शियल कितीही चांगला असला तरी चाक अडखळतच फिरणार.

तेल भरणे हे घाईचे काम नाही. मी शनिवारी रात्री जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून बसतो. जुने तेल पुसताना त्याचा रंग पाहतो; काळपट राखाडी झाले असेल तर गिअर किंवा वॉशर झिजत आहेत असे समजून ते तपासतो. सगळे कोरडे करून, ओ-रिंगला अगदी थोडे ग्रीस लावून गिअर बसवतो आणि मग तेल ओततो. ते गिअरच्या फटींत हळूहळू झिरपते, त्यामुळे ओतायचे, बोटाने गिअर चार वेळा फिरवायचे, बुडबुडे वर येऊ द्यायचे, पुन्हा ओतायचे. ५०,००० च्या तेलाला बुडबुडे सोडायला तासभर लागतो. छोट्या गिअरचे माथे जेमतेम बुडतील एवढेच भरायचे आणि वर थोडी हवा ठेवायची. काठोकाठ भरले तर तापल्यावर फुगलेले तेल ओ-रिंगमधून वाट काढते. मग झाकणाचे स्क्रू समोरासमोरच्या जोडीने, अर्धा-अर्धा आटा आवळत आणायचे. शेवटी मी डिफरन्शियल सोन्याच्या वजनासाठी वापरतात तशा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर ठेवून वजन वहीत लिहितो. पुढच्या वेळी तेच तेल तेवढ्याच वजनाला भरले तर गाडी तशीच वागते. डोळ्यांच्या अंदाजाने भरले तर वागत नाही.

पोडियमवर मी ५,००० पासून सुरुवात केली. आतले चाक थोडे शांत झाले, पण बाहेर पडताना अजून फिरत होते. ३०,००० ला गाडी पहिल्यांदा सुखाने चालली. लोभ सुटला म्हणून १,००,००० घातले, तर बाहेर पडताना गाडी रेषेत राहिली, पण अरुंद वळणात नाक पुन्हा बाहेर जाऊ लागले, म्हणजे स्पूलचाच सौम्य अवतार. आता पेव्हर ब्लॉकवर ५०,००० आणि तळमजल्याच्या घोटलेल्या काँक्रीटवर ३०,००० ठेवतो. मागे मात्र दोन्हीकडे ५,०००. मागचे तेल पुढच्यापेक्षा पातळ असावे, कारण मागची चाके एकमेकांना जखडली की ट्रिगर ओढल्यावर शेपूट निघते. हे आकडे माझ्या जमिनीचे आहेत. डांबरावर चालवणाऱ्याने याहून घट्ट तेलाकडे जायला हरकत नाही. एका वेळी एकच बदल करावा. तेल आणि टायर एकाच दिवशी बदलले, तर सुधारणा कोणामुळे झाली ते कळत नाही, आणि बिघाड झाला तर तोही कळत नाही.

हे सगळे मी भाच्याला मंगळवारी सांगितले आणि एक कामही दिले. चारही टायरच्या बाजूला पांढऱ्या रंगाची एकेक रेघ ओढायची, दोन पाण्याच्या बाटल्या चार मीटरवर ठेवून त्यांच्याभोवती आठचा आकडा काढत गाडी चालवायची, आणि मित्राला मोबाइल जमिनीला टेकवून स्लो मोशनमध्ये व्हिडिओ घ्यायला सांगायचे. रेघ असली की कोणते चाक किती फिरते, ते डोळ्यांना स्वच्छ दिसते. त्याशिवाय घरीच करायची एक चाचणी आहे. गाडी उचलून मधला शाफ्ट घट्ट धरायचा आणि पुढचे एक चाक हाताने फिरवायचे. दुसरे चाक उलट दिशेने किती सहज फिरते, त्यावरून आत काय चालले आहे ते कळते. किटमधल्या ग्रीसवर ते झटकन फिरते, ५०,००० च्या तेलावर जड रहाटासारखे सावकाश, आणि स्पूलमध्ये हलतच नाही.

काल रात्री त्याचा व्हिडिओ आला. ठाण्याला त्याच्या इमारतीच्या गच्चीवर, चायना चिपच्या, म्हणजे चिनी मातीच्या तुकड्यांच्या, फरशीवर गाडी फिरते आहे. वळणात शिरताना नाक अगदी नीट आत येते. बाटलीला वळसा पूर्ण होता होता ट्रिगर ओढला जातो, पुढच्या आतल्या चाकावरची पांढरी रेघ दिसेनाशी होऊन नुसते धूसर वर्तुळ उरते, आणि बाहेरच्या चाकावरची रेघ मात्र मोजता येईल इतकी हळू फिरत असते. मी काही लिहिण्याआधीच त्याचा निरोप आला, "मामा, शिरताना काहीच प्रॉब्लेम नाही, बाहेर पडतानाच आहे. म्हणजे स्पूल नको ना?" मी त्याला बंद गिअर डिफरन्शियल आणि ३०,००० चे तेल मागवायला सांगितले आहे. नायट्राइलच्या चार रिंगा माझ्या डबीतून काढून ठेवल्या आहेत. शनिवारी तो तेल घेऊन मुलुंडला येईल, तेव्हा आम्ही दोघे मिळून भरू.